मापाचें मोल

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही एका लहानशा यंत्राच्या मोहांत सांपडलों होतों. सायकलच्या हँडलवर बसविण्याचें, मुठींत मावणारें असें हें यंत्र आकाशांतील उपग्रहांचे संदेश पकडून आपण कोठें आहों, किती वेगानें चाललों आहों, किती अंतर तोडलें आणि किती उंची चढलों हें क्षणोक्षणीं दाखवीत असतें. आमच्यापाशीं असें एक यंत्र सहा वर्षांपासून आहे आणि तें चालू आहे. बाजारांत त्याहून नवें आलें होतें. तें घ्यावें कीं न घ्यावें, एवढाच प्रश्न होता. असल्या क्षुल्लक प्रश्नावर मासिकाचीं पानें खर्ची घालणें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु मोठमोठ्या नैतिक प्रश्नांवर आपलीं मतें नेहमींच तयार असतात. तीं कितपत टिकतात याची परीक्षा मात्र असल्या क्षुल्लक प्रसंगींच होत असते. शिवाय हा प्रश्न सायकलपुरता नाहीं. ज्याच्या खिशांत चालता फोन असून ज्याची नजर नव्या फोनावर आहे, ज्याच्या दारांत चालती मोटार असून जो नव्या मोटारीच्या जाहिराती वाचीत आहे, त्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे.

प्रथम वस्तूची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. सायकल किती धांवली हें मोजण्याची हौस फार जुनी. अमेरिकेंत हार्टफर्ड येथें व्हीडर नांवाच्या संशोधकानें १८९५ सालीं असा एक मापक तयार केला. चाकाच्या स्पोकला लावलेली खुंटी प्रत्येक फेऱ्याला एक दांतेरी चकती ढकली आणि आंकडे पुढें सरकत. पुढें लोहचुंबक आला, विजेचा सेल आला. तत्त्व तेंच राहिलें. चाकाचा परीघ सुमारें २.१ मीटर, त्याला फेऱ्यांच्या संख्येनें गुणिलें कीं अंतर निघालें. उपग्रहांची रीत निराळी. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकीं निदान चारांचे संदेश मिळाले म्हणजे ते पोंचण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र आपली जागा ठरवितें. अमेरिकन सरकारची ही योजना १९९५ सालीं पुरी झाली. परंतु सामान्य नागरिकांस मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवून दिला जात असे, आणि त्यामुळें शंभर मीटरपर्यंतची चूक संभवे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभीं हें बंधन उठलें, चूक दहा-वीस मीटरांवर आली, आणि त्यानंतर पांच-सहा वर्षांतच हीं यंत्रें सायकलच्या हँडलवर येऊन बसलीं.

तेव्हांपासून दर तीन-चार वर्षांनीं जुन्याच्या जागीं नवें येतें. उदाहरणार्थ, गार्मिन कंपनीचें ‘एज ५३०’ हें यंत्र २०१९ सालीं आलें, आणि त्याची जागा घेणारें ‘एज ५४०’ हें २०२३ सालीं. पडदा दोहोंचाही २.६ इंचांचा. बॅटरी पहिल्याची वीस तासांची, दुसऱ्याची सव्वीस तासांची. नवें यंत्र उपग्रहांचे संदेश दोन निरनिराळ्या लहरींवर घेतें. त्यामुळें उंच इमारतींवर किंवा कड्यांवर आपटून आलेल्या संदेशानें होणारी फसगत कमी होते. अमेरिकेंतील किंमत ३०० डॉलर होती, ती ३५० झाली. या सुधारणा खऱ्या आहेत. त्यांस थोतांड म्हणणें अन्यायाचें होईल. प्रश्न सुधारणा खरी कीं खोटी हा नसून ती आपल्या उपयोगाची कीं नाहीं हा आहे.

आम्हांस दुकानांत सांगण्यांत आलेली किंमत ४०,००० रुपयांच्या घरांतली होती. एवढी रक्कम खर्च करावयाची म्हणजे मनाची तयारी हवी, आणि मन असल्या कामीं मोठें तत्पर असतें. आम्हीं एक टांचण तयार केलें. अचूकता वाढेल, बॅटरीची काळजी मिटेल, मार्ग आधीं भरून ठेविला नसला तरी पुढचा चढ किती उरला तें दिसेल, आंकडे ठळक दिसतील, आणि प्रकृतीकरितां केलेला खर्च हा खर्चच नव्हे. हें टांचण जेवतांना वाचून दाखवितांच आमच्या कन्येनें विचारिलें, “बाबा, जुनं बिघडलंय का?” आम्हीं नाहीं म्हटलें. “मग त्यात तुम्हाला काय दिसत नाही?” या दुसऱ्या प्रश्नाला आमच्या टांचणांत उत्तर नव्हतें. नव्यांत काय काय आहे तें सारें आम्हीं लिहिलें होतें. जुन्यांत आम्हांस काय उणें पडलें हें एका ओळीनेंही लिहिलें नव्हतें.

मग आम्हीं हिशेब मांडला. पहिला हिशेब फारच सोपा निघाला. पावसाचे दिवस वगळून वर्षाकांठीं आमच्या शंभर फेऱ्या होतात. यंत्र चार वर्षें वापरलें तर चारशें. जुनें यंत्र ८,००० रुपयांस विकलें जाईल असें धरलें तर खरा खर्च ३२,००० रुपयांचा. म्हणजे फेरीमागें अवघे ८० रुपये! सायकल चालवून परततांना मंडळी मिसळ आणि चहा यांवर याहून अधिक खर्च करतात. मोहाला हिशेब येत नाहीं असें म्हणतात, तें खोटें आहे. मोहाला फार उत्तम हिशेब येतो. फक्त भागावयाचें कशानें हें तो स्वतः ठरवितो. त्या चारशें फेऱ्या जुन्या यंत्रानेंही झाल्याच असत्या. तेव्हां भागावयाचें तें सर्व फेऱ्यांनीं नव्हे, तर ज्या फेऱ्यांत जुनें कमी पडलें असतें आणि नवें कामास आलें असतें तेवढ्यांनींच. आम्हीं गेल्या वर्षाच्या नोंदी पाहिल्या. शंभरांपैकीं ऐंशी फेऱ्या सिंहगड, खडकवासला आणि कात्रज या तीन रस्त्यांवरच्या; तेथला प्रत्येक खड्डा आमच्या ओळखीचा आहे. उरलेल्या विसांपैकीं अनोळखी रस्ता, लांबचा पल्ला किंवा अंधार यांमुळें खरोखर अडचण पडली अशा फेऱ्या पांच. चार वर्षांच्या वीस. ३२,००० ला विसांनीं भागिलें म्हणजे फेरीमागें १,६०० रुपये येतात. ८० आणि १,६०० या दोन आंकड्यांमध्यें जें अंतर आहे, तेंच आपण सांगतों ती गरज आणि आपली खरी गरज यांमधलें अंतर होय.

या अंतराकडे फार पूर्वी बोट दाखविणारा पुरुष म्हणजे अर्थशास्त्राचा जनक समजला जाणारा ॲडम स्मिथ. १७५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत त्यानें घड्याळाच्या एका शौकिनाचें उदाहरण दिलें आहे. याचें घड्याळ दिवसाला दोन मिनिटें मागें पडतें, म्हणून तो तें दोन गिनींस विकून टाकतो आणि पंधरा दिवसांत मिनिटाहून अधिक न चुकणारें दुसरें पन्नास गिनींस घेतो. आतां घड्याळाचा उपयोग काय, तर ठरल्या वेळीं ठरल्या ठिकाणीं पोंचणें. परंतु हा गृहस्थ इतरांहून अधिक वक्तशीर असतोच असें नाहीं. स्मिथचें म्हणणें असें कीं, अशा मनुष्याला वेळ कळण्याची तितकीशी आस्था नसते. वेळ दाखविणारें यंत्र निर्दोष असावें ही त्याची आस्था. साधन साध्याला किती चोख जुळलें आहे याचेंच त्याला प्रेम, साध्याकडे त्याचें लक्षही नसतें. मौज ही कीं, स्मिथ त्याला नुसतें हंसत नाहीं. असल्या भ्रमामुळेंच मनुष्यजातीचा उद्योग अखंड चालू राहतो, असेंही तो बजावून सांगतो. दुकानें आणि कारखाने यांच्या दृष्टीनें पाहिलें तर तें खरेंही आहे. परंतु जगाचा उद्योग चालू ठेवण्याची जबाबदारी आमच्याच बचतीवर आहे, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. सिंहगडाच्या घाटांत आमच्या यंत्रानें काढलेली रेघ खऱ्या रस्त्याच्या चार हात बाजूला, दरीवरून, जाते हें खरें. पण आम्ही त्या वेळीं रस्त्यावरूनच चाललेले असतों.

मात्र एवढ्यावरून नवें घेणारे सर्वच त्या शौकिनाचे भाऊबंद ठरविणें उथळपणाचें होईल. आमच्या रविवारच्या मंडळींतील एक स्नेही ब्रेव्हे नांवाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या करतात. ही परंपरा मूळची फ्रान्समधली. १८९१ सालीं प्रथम झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १,२०० किलोमीटरांची फेरी आतां चार वर्षांनीं एकदां होते आणि ती नव्वद तासांच्या आंत पुरी करावयाची असते. आपल्याकडेही २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या ब्रेव्हे होतात. त्यांच्या मुदती अनुक्रमें साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांच्या. वीस तास टिकणारें यंत्र २०० किलोमीटरांस भरपूर, ३०० ला जेमतेम आणि ४०० ला अपुरें, हें कोणालाही कळेल. गेल्या सप्टेंबरांत आमच्या या स्नेह्यांचें यंत्र पहांटे तीनच्या सुमारास बंद पडलें. खिशांतल्या पॉवर बँकेची तार पावसांत भिजून निकामी झाली होती. अंधारांत एक वळण चुकलें, अकरा किलोमीटरांचा भुर्दंड पडला, आणि शेवटच्या ठिकाणीं ते मुदत संपावयास सहा मिनिटें असतांना पोंचले. त्यांनीं पुढच्याच महिन्यांत नवें यंत्र घेतलें, आणि आमच्या मतें योग्य तेंच केलें. त्यांच्या बाबतींत प्रश्न आधीं उभा राहिला आणि यंत्र मागून आलें. आमच्या बाबतींत यंत्र आधीं दिसलें आणि त्याला शोभतील असे प्रश्न मागून शोधावे लागले. एकच वस्तु, एकच किंमत. पण एका घरीं ती खरेदी ठरते आणि दुसऱ्या घरीं उधळपट्टी.

यावर एक कठोर आक्षेप येण्यासारखा आहे. कोणी म्हणेल, तुमच्या स्नेह्यांची गरज तरी कसली घेऊन बसलांत? ४०,००० रुपयांत शाळकरी मुलांच्या साध्या पांच सायकली येतील. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. बिहारांत २००६ सालीं नववींतील मुलींना सायकलीकरितां २,००० रुपये देण्याची सरकारी योजना सुरू झाली, आणि तिच्यामुळें माध्यमिक शाळेंत जाणाऱ्या मुलींची संख्या लक्षांत येण्याइतकी वाढली असें अभ्यासकांस आढळून आलें. जी सायकल आमची रविवारची करमणूक आहे, ती दुसऱ्या कोणाकरितां शाळेचें दार असते. हें ठाऊक असतां आपला खर्च निर्धास्तपणें करणें सहृदय माणसास कठीण जावें हेंच बरें.

तथापि या युक्तिवादांत एक अडचण आहे. तो नवें यंत्र आणि जुनें यंत्र यांत भेद करीत नाहीं. जुनें यंत्र, खुद्द सायकल, नाटकाचें तिकीट, फार काय हें मासिकसुद्धां त्याच्या तडाख्यांत सांपडतें. त्याच्या मागें शेवटपर्यंत जाणारा एखादाच संन्यासी होतो. बाकीचे सर्व तो युक्तिवादच सोयीस्करपणें विसरून जातात. आमच्या मतें त्याचा खरा उपयोग निराळा आहे. हौस करूं नका असें तो सांगत नाहीं. हौसेला गरज म्हणण्याचा आपला अधिकार मात्र तो काढून घेतो. हौस ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. ‘मला हें आवडलें, मला परवडतें, म्हणून मी घेतों,’ असें म्हणणारा मनुष्य निदान प्रामाणिक असतो, आणि त्या प्रामाणिकपणामुळेंच कोठें थांबावें हें त्याला कळतें. हौसेला मर्यादा घालतां येते. गरज म्हटली कीं ती भागविलीच पाहिजे. तेथें दुसऱ्या कोणाच्या गरजेचा विचार करण्यास जागाच उरत नाहीं.

मग आमची निदान हौस तरी होती काय? येथें आम्हांस एक कबुली देणें प्राप्त आहे, आणि खरें सांगावयाचें तर ती देण्याकरितांच हा लेख लिहावयास घेतला. आम्हांस अठ्ठावन्नावें वर्ष चालू आहे. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच. त्याचा घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढावयास आम्हांस सहा वर्षांपूर्वीं बावन्न मिनिटें लागत; आतां चौसष्ट लागतात. हें आम्हांस कोणी सांगितलें? त्याच जुन्या यंत्रानें. दर वर्षीं दोन-दोन मिनिटें वाढत गेलीं, आणि त्यांतलें एकही मिनिट त्यानें लपविलें नाहीं. दुकानांत नवें यंत्र हातांत घेऊन पाहतांना आम्हीं सहज विचारिलें, “माझ्या जुन्या नोंदींचं काय होईल?” विकणारा तरुण मोठ्या उत्साहानें म्हणाला, “काळजीच करू नका काका. तुमच्या सगळ्या राइड्स अकाउंटवर असतात. हे जोडलं की जशाच्या तशा दिसतील, एकही जाणार नाही.”

हें ऐकून आम्हांस समाधान वाटावयास पाहिजे होतें. प्रत्यक्षांत मन किंचित् खट्टू झालें. दुकानाबाहेर येऊन सायकलचें कुलूप काढतांना त्या खट्टूपणाचा अर्थ आमच्या ध्यानांत आला, आणि आमचें तें सुंदर टांचण एका क्षणांत कोलमडलें. आम्हांस अधिक अचूक माप नको होतें. जुन्या मापापासून सुटका हवी होती. बावन्न मिनिटें ज्याला ठाऊक नाहींत असा एक नवा साक्षीदार आम्ही पैसे देऊन विकत घेण्यास निघालों होतों. यंत्र जुनें झालें नव्हतें. जुने आम्ही झालों होतों, आणि दोष यंत्राच्या माथीं मारून मोकळे होऊं पाहत होतों.

आम्हांस वाटतें, नवें घेण्याच्या पुष्कळशा इच्छा तपासून पाहिल्या तर तळाशीं असेंच कांहीं तरी निघेल. लिहिणें सुचत नाहीं म्हणून नवी लेखणी घेतली जाते. गाणें बसत नाहीं म्हणून नवा तंबोरा. वस्तु बदलण्याजोगी असते आणि आपण तितके बदलण्याजोगे नसतों, म्हणून आपण वस्तु बदलतों.

यावरून माप हीच एक व्याधि आहे, यंत्रें फेंकून द्या आणि झाडें-पांखरें पाहत चला, असा उपदेश आम्हांस करावयाचा नाहीं. तो करणें सोपें आहे आणि ऐकणें गोड आहे. पण तो खरा नाहीं. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. हजारों माणसें कारखान्यांत, कचेरींत, कॉलेजांत सायकलीनें जात आणि त्यांच्या हँडलवर कसलेंच यंत्र नसे. परंतु तें त्यांचें वैराग्य नव्हतें. त्यांस कोठें जावयाचें आहे तें ठाऊक होतें, आणि तेथें वेळेवर पोंचलें कीं त्यांचें माप पुरें होई. आम्ही रविवारीं सकाळीं निघतों आणि जेथून निघालों तेथेंच परत येतों. ज्या प्रवासाला मुक्काम नाहीं त्याला आंकडा हवासा वाटावा, यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र आंकडा हाच मुक्काम झाला, कीं तो हातांत असूनही पुरत नाहीं. मग आंकडा वाढावा असें वाटतें. तो वाढेनासा झाला म्हणजे यंत्र बदलावें असें वाटतें. माप ही एक प्रकारची सत्यवादी संगत आहे. ती ठेवावयाची तर तिचें कटु बोलणेंही ऐकून घेतलें पाहिजे. आणि तें ऐकवत नसेल, तर तेंच बोलणें अधिक बारकाईनें बोलणारा दुसरा सोबती जास्त पैसे देऊन आणण्यांत शहाणपण नाहीं.

तेव्हां आमच्यासारख्या पेंचांत सांपडलेल्या वाचकानें आपल्या मनास तीन प्रश्न विचारावे, अशी आमची सूचना आहे. जुन्यापाशीं नाहीं असें कोणतें उत्तर मला हवें आहे? नवें यंत्र पाहण्यापूर्वीं तो प्रश्न मला पडला होता काय? आणि वर्षांतून तो किती वेळां पडतो? तिन्हींचीं उत्तरें सरळ देतां आलीं तर खुशाल घ्यावें. मागाहून पश्चात्ताप होणार नाहीं. जुनें खरोखरच मोडलें असेल, त्याची बॅटरी वर्षांच्या वापरानें क्षीण होऊन दोन तासांतच मान टाकीत असेल, तर हा प्रश्नच उरत नाहीं. तें नवेपण नसून दुरुस्तीच होय. उत्तरें देतां येत नसून घ्यावेंसेंच वाटत असेल, तर ‘हौस’ हा शब्द स्वच्छ उच्चारून घ्यावें. आणि तोही शब्द जिभेवर येत नसेल, तर दुकानांत जाण्यापूर्वीं आपण कोणापासून पळत आहों हें एकवार पाहावें.

आम्हीं नवें यंत्र घेतलें नाहीं. त्या रकमेंतून कांहीं पुण्यकृत्य घडलें असें सांगतां आलें असतें तर लेखाचा शेवट शोभिवंत झाला असता. परंतु सायकलला नवी चेन आणि दोन टायर घातले, बाकीची रक्कम अद्याप बँकेंत आहे आणि तिच्याविषयींचा तो कठोर आक्षेपही तेथेंच तिच्याजवळ आहे. टांचणांतली एक अडचण मात्र खरी होती: आंकडे आम्हांस नीट दिसत नसत. त्यावर कन्येनेंच उपाय काढला. जुन्या यंत्राच्या पडद्यावर आम्हीं एके काळीं हौसेनें आठ आंकडे मांडून ठेविले होते. तिनें त्यांतले पांच काढून टाकले. उरलेले तीन आपोआप मोठे झाले. याला खर्च कांहींच आला नाहीं. गेल्या रविवारीं सिंहगडाच्या माथ्यावर यंत्रानें सहासष्ट मिनिटें दाखविलीं. आंकडा चष्म्यावांचूनही स्पष्ट वाचतां आला.